किती वेळ थांबला होतात?

आधी एक कबुली देऊन टाकतो. आमच्या सिव्हिलच्या नोटीस बोर्डवर ‘सॉफ्ट मॅटर अँड कॉम्प्लेक्स फ्लुइड्स’ असं लिहिलेलं पत्रक लागलं, तेव्हा ‘सॉफ्ट’ एवढंच वाचून मला ते सॉफ्टवेअरचं काहीतरी वाटलं. कॉम्प्युटरवाल्यांचं पत्रक चुकून आपल्याकडे आलंय असं समजून मी पुढे गेलो. दोन दिवसांनी गाईड सरांनी केबिनमध्ये बोलावलं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत एक दिवसाची विभागीय बैठक आहे, आसपासच्या जिल्ह्यांतली कॉलेजं आणि प्रयोगशाळा येतात, विद्यार्थ्यांना पोस्टर लावता येतं. “तुमचं बेंटोनाइट घेऊन जा,” सर म्हणाले. एसटीचं भाडं डिपार्टमेंट देणार, दुपारचं जेवण तिकडे. मेसच्या वरणावर तीन वर्षं काढलेल्या माणसाला एवढं आमिष पुरतं.

पण केबिनमधून बाहेर पडलो आणि पोटात गोळा आला. कारण पुढे सांगतो. त्याआधी बेंटोनाइट म्हणजे काय ते सांगायला हवं.

बेंटोनाइट ही एक चिकणमाती. पुलाच्या किंवा उंच इमारतीच्या पायासाठी जमिनीत खोल पाइल घेतात, तेव्हा पाडलेल्या भोकात बाजूची माती ढासळू नये म्हणून बेंटोनाइट कालवलेलं पाणी भरतात. दिसायला पातळ पिठल्यासारखं. पंपाने ढकललं की निमूट वाहतं. भोकात स्वस्थ राहिलं की घट्ट होऊ लागतं, भिंती सावरून धरतं, खोदकामाचा बारीक चुरा तळाशी बसू न देता अंगातच अडकवून ठेवतं. मग ट्रेमी पाइपने तळापासून काँक्रीट भरत आलं की ते जड काँक्रीट या पाण्याला वर ढकलून देतं. तेलविहिरी खोदताना वापरतात तो ड्रिलिंग मडही याच कुळातला.

आमचा प्रोजेक्ट अगदी साधा होता. पाण्यात बेंटोनाइटचं प्रमाण वाढवत न्यायचं, फिरत्या स्पिंडलच्या व्हिस्कोमीटरवर व्हिस्कॉसिटी मोजायची आणि आलेख काढायचा. पाच दिवसांत १४ रीडिंग घेतली. त्यातली १० शहाण्यासारखी एका रेषेत बसली. ३ उगाचच वर गेली होती आणि १ बरंच खाली. पुन्हा घ्यायला वेळ नव्हता, कारण मशीन दुसऱ्या ग्रुपला द्यायचं होतं. मग जे होतं तेच झालं. रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या खोलीत एक्सेल उघडलं, ट्रेंडलाइन टाकली आणि ती चार रीडिंग उचलून रेषेवर आणून बसवली. आर-स्क्वेअर ०.९९! रूम पार्टनर म्हणाला, “भावा, आता कसं प्रोजेक्ट दिसतंय.”

आपल्यापैकी कितीजणांनी पहिल्या वर्षी लंबकाच्या प्रयोगात ९.८ आधी लिहून मग वेळा मागे काढल्या आहेत, ते मी विचारत नाही. मीही काढल्या आहेत. जर्नल लॅब असिस्टंटपुरतं असतं तोवर काही वाटत नाही. पण हा आलेख आता फ्लेक्सवर तीन फूट उंच छापून, जी माणसं आयुष्यभर हेच मोजतात त्यांच्यासमोर उभा करायचा होता.

पहाटेच्या एसटीने आम्ही तिघं निघालो. पोस्टरची नळी मांडीवर आडवी. चौथा ताप आल्याचं सांगून खोलीत राहिला. तो आमच्यात सर्वांत दूरदर्शी, असं मी तेव्हा म्हणालो.

हॉल भरलेला होता. केमिस्ट्रीचे, फिजिक्सचे, केमिकलचे, मेकॅनिकलचे लोक; सिव्हिलचे आम्ही तिघंच. पुण्याला हा विषय नवा नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकरांनी पॉलिमर आणि न्यूटनचा नियम न पाळणाऱ्या द्रवांवर काम उभं केलं आणि ती परंपरा तिथे पुढे चालू राहिली. आपण दुसऱ्या वर्षी फ्लुइड मेकॅनिक्समध्ये ‘नॉन-न्यूटोनियन फ्लुइड’ पाच ओळींत संपवतो. इथे त्या पाच ओळींवर दिवसभराची बैठक भरली होती.

पहिलं व्याख्यान एका ज्येष्ठ प्राध्यापकांचं. त्यांनी स्लाइड दाखवल्याच नाहीत, सरळ फळ्यावर आले. म्हणाले, “लोखंड कडक आणि जेली मऊ का, हे दोन भागाकारांत सांगतो.” हे मला इतकं आवडलं की इथे जसंच्या तसं उतरवतो. वहीत तुम्हीही करून बघा.

कडकपणा पास्कलमध्ये मोजतात. पास्कल म्हणजेच ज्यूल भागिले घनमीटर. तेव्हा पदार्थाचा एक ‘तुकडा’ घ्या, त्याला जागेवर धरून ठेवणारी ऊर्जा घ्या आणि तुकड्याच्या आकारमानाने भागा. लोखंडाचा तुकडा म्हणजे एक अणू. त्याला बांधून ठेवणारी ऊर्जा साधारण ७ गुणिले १० चा उणे १९ वा घात इतके ज्यूल, आकारमान साधारण १.२ गुणिले १० चा उणे २९ वा घात इतके घनमीटर. भागाकार येतो ६० गिगापास्कलच्या आसपास. पोलादाचा यंग्ज मोड्युलस आपल्याला पाठ आहे, २०० गिगापास्कल. तिपटीने चुकलो, पण दोन आकड्यांच्या भागाकाराकडून आणखी काय मागणार?

आता जेली. जेलीत लांबलचक रेणूंचं जाळं पाण्यात पसरलेलं असतं. जाळ्याचं एक घर सुमारे १० नॅनोमीटरचं, म्हणजे आकारमान १० चा उणे २४ वा घात. आणि ऊर्जा? इथे अणूंचे बंध ताणले जातच नाहीत. रेणूंचे धागे फक्त खोलीच्या उष्णतेने वळवळत असतात, आणि जेली दाबली की त्या वळवळीला अडथळा येतो. ती ऊर्जा म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान, साधारण ४ गुणिले १० चा उणे २१ वा घात. भागाकार ४००० पास्कल. पोलादाच्या पाच कोटी पटीने मऊ! ऊर्जा कमी झाली ती शे-दोनशे पटीनेच. खरी किमया घर मोठं असण्याची.

हेच सॉफ्ट मॅटर. दही, साय, शाम्पू, टूथपेस्ट, रंग, रक्त, ओला सिमेंट पेस्ट. ज्यांचे घटक अणूपेक्षा खूप मोठे पण उष्णतेच्या धक्क्याने हलण्याइतके लहान, ते सगळे. १८२७ साली रॉबर्ट ब्राऊनने परागांतले बारीक कण पाण्यात थरथरताना पाहिले, १९०५ मध्ये आइनस्टाइनने त्याचं गणित मांडलं; तीच थरथर इथे घर चालवते. १९९१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल फ्रान्सच्या पिएर-जील द जेन यांना मिळालं. त्यांनी आपल्या नोबेल व्याख्यानाला ‘सॉफ्ट मॅटर’ हेच नाव दिलं आणि उदाहरण घेतलं रबराच्या चिकाचं. (दोडामार्गकडच्या मित्रांनी हा चीक हाताला लावून पाहिला असेल.) चीक द्रव असतो. गुडइयरने १८३९ मध्ये त्यात गंधक घालून तापवला. दर २०० कार्बन अणूंमागे साधारण एकाचाच गंधकाशी बंध झाला, आणि तेवढ्यावर वाहणाऱ्या चिकाचं टिकाऊ रबर झालं. जरासं ढकललं की मोठा बदल, हा या पदार्थांचा स्वभाव. न ढकलता नुसतं ठेवलं तरीही बदल होतो, असं प्राध्यापक जाता जाता म्हणाले. मी ते वहीत लिहिलं; अर्थ दुपारी कळला.

पुढच्या व्याख्यानांचं थोडक्यात सांगतो. एक रक्ताच्या प्रवाहावर होतं. लाल पेशी संथ प्रवाहात नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि वेग वाढला की सुटतात, म्हणून रक्त जोरात वाहताना पातळ होतं. एक लिक्विड क्रिस्टलवर होतं. १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी थाळीच्या आकाराच्या रेणूंचे लिक्विड क्रिस्टल शोधले, एवढं मला समजलं, पुढचं डोक्यावरून गेलं. कॉर्नफ्लोअरच्या घट्ट लगद्यावर पळता येतं आणि उभं राहिलं की बुडायला होतं, तो खेळ तुम्ही पाहिला असेल. त्यामागे दाबाखाली कणांतलं वंगण फाटून कण थेट एकमेकांवर घासू लागतात हे कारण आहे, आणि ते नीट जुळून आलं ते २०१३-१४ च्या सुमारास. स्वयंपाकघरातला हा प्रश्न इतकी वर्षं अर्धवट पडून होता, याची मला गंमत वाटली.

आमच्या कामाचं होतं ते काँक्रीटवरचं. ओलं काँक्रीट ढिगासारखं उभं राहतं आणि व्हायब्रेटरची सुई खुपसली की वाहतं. म्हणजे ठरावीक ताण ओलांडेपर्यंत घन, ओलांडला की द्रव. अशा पदार्थाला बिंगहॅम प्लास्टिक म्हणतात. हे युजीन बिंगहॅम अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ. ‘रिऑलॉजी’ हा शब्दही १९२० साली त्यांनीच रूढ केला. जपानमध्ये ओकामुरा यांच्या गटाने १९८८ मध्ये व्हायब्रेटरशिवाय आपोआप पसरणारं काँक्रीट करून दाखवलं. पाणी वाढवून नव्हे. सिमेंटच्या कणांचे गठ्ठे सोडवणारे पॉलिमर घालून आणि खडी-वाळूचं प्रमाण बदलून. चार वर्षं आपण स्लंप कोन उचलतोय, पण तो कोन नेमकं काय मोजतो हे मला त्या दिवशी कळलं: तो ठरावीक ताण.

जेवणात श्रीखंड होतं. (तेही बिंगहॅम.) त्यानंतर पोस्टर सेशन.

पहिला अर्धा तास कोणी फिरकलं नाही. हायसं वाटत होतं. मग एक मॅडम आल्या, सुती साडी, गळ्यात बिल्ला, हातात चहाचा कप. त्यांनी पोस्टर वरपासून खालपर्यंत वाचलं. आमच्या पोस्टरला तोवर कोणी इतका मान दिला नव्हता.

“किती वेळ थांबला होतात?” त्यांनी विचारलं.

“कुठे, मॅडम?”

“स्लरी भांड्यात ओतल्यावर रीडिंग घेईपर्यंत.”

“लगेच घेतलं.”

“लगेच म्हणजे? प्रत्येक वेळी तेवढंच?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मॅडमनी आलेखावरून एकदा बोट फिरवलं आणि अगदी सहज म्हणाल्या, “बेंटोनाइट इतकं गुणी नसतं हो.”

रागावून म्हणाल्या असत्या तर मी काहीतरी ठोकून दिलं असतं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. माझे कान तापले. पिशवीत कच्ची वही होती. ग्रुपमधली टॉपर माझ्याकडे डोळे वटारून बघत असताना मी ती काढून दिली आणि सांगितलं, “मॅडम, यातली चार रीडिंग आम्ही बदलली आहेत.”

त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. कप खाली ठेवला आणि वही वाचू लागल्या. आमच्या टॉपरला एक सवय आहे; ती प्रत्येक रीडिंगच्या समासात घड्याळातली वेळ लिहिते, कोणी सांगितलेलं नसताना. मॅडमचं बोट त्या समासावरून खाली सरकत गेलं. “११.०५ नंतर एकदम ११.४०. मध्ये काय झालं?”

“चहाला गेलो होतो.”

“आणि हे, १२.५० नंतर २.१०?”

“जेवायला, मॅडम.”

“आणि हे?”

“लाईट गेली होती. पाऊण तास.”

वर गेलेली आमची तीनही रीडिंग त्या तीन विश्रांतींनंतरची होती. भांडं तसंच ठेवून आम्ही उठलो होतो आणि परत येऊन बटण दाबलं होतं. मॅडम हसल्या. “तुम्ही सगळ्यांत चांगला भाग खोडून टाकलात की.”

पुढची वीस मिनिटं त्यांनी तिथेच उभ्या उभ्या आमचा तास घेतला. बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. पाण्यात ते पापुद्र्यांसारखं सुटतं. एकेक पापुद्रा सुमारे १ नॅनोमीटर जाड आणि त्याच्या शेकडो पट रुंद. पापुद्र्याच्या सपाट बाजूवर ऋण भार असतो, कडांवर धन असू शकतो. तेव्हा कड सपाट बाजूला जाऊन चिकटते आणि हळूहळू सगळ्या भांड्यात पत्त्यांचा बंगला उभा राहतो. स्पिंडल फिरवला की बंगला कोसळतो, द्रव पातळ. थांबवला की उष्णतेची थरथर पत्ते पुन्हा हलवते, एकेक करून जागेवर बसवते. जितका वेळ द्याल तितका बंगला मोठा. या गुणाला थिक्झोट्रॉपी म्हणतात. सगळीकडे बंगलाच असतो असंही नाही. पाण्यात क्षार फार कमी असतील तर पापुद्रे एकमेकांना दूर लोटूनच अडकून बसतात, असंही एक मत आहे आणि त्यावर वाद चालू असतात. आयआयटी कानपूरमध्ये योगेश जोशी यांच्या गटाने आणि रामन संशोधन संस्थेत रंजिनी बंद्योपाध्याय यांच्या गटाने अशा चिकणमातीचं ‘वय’ वाढण्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. हो, वयच म्हणतात. आणि मोजण्याआधी जोरात ढवळून पदार्थाला पुन्हा ‘तरुण’ करून घेतात, म्हणजे सगळ्या नमुन्यांचं वय शून्यापासून सुरू होतं.

“मग आमची व्हिस्कॉसिटी खरी किती, मॅडम?” मी विचारलं.

“हा प्रश्नच अपुरा आहे,” त्या म्हणाल्या. “कोणत्या वेगाला आणि किती वयाला, ते सांगा, मग आकडा सांगते.”

इथे त्यांनी डांबराची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये डांबराच्याच जातीचा पिच गरम करून फनेलमध्ये ओतला, तीन वर्षं निवू दिला आणि १९३० मध्ये खालचं तोंड कापलं. हातोडीने मारलं तर काचेसारखा फुटणारा हा पदार्थ तेव्हापासून थेंबथेंब गळतो आहे. २०१४ पर्यंत ९ थेंब. तो घन की द्रव? तुम्ही किती वेळ बघता त्यावर आहे. पदार्थाला सावरायला लागणारा वेळ भागिले तुमचा बघण्याचा वेळ, या गुणोत्तराला मार्कस रायनर यांनी १९६४ मध्ये डेबोरा नंबर असं नाव दिलं. बायबलमधल्या डेबोरा नावाच्या स्त्रीने देवापुढे पर्वतही वाहतात असं म्हटलं होतं, त्यावरून. आपला रेनॉल्ड्स नंबर कोरडा वाटावा असं नाव आहे.

आणि शेवटी त्यांनी जे सांगितलं त्याने मला सर्वांत जास्त लाजवलं. हे तेल खोदणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. ड्रिलिंग मडची ‘जेल स्ट्रेंग्थ’ मोजायची त्यांची ठरलेली रीत आहे: मड जोरात ढवळायचा, १० सेकंद स्वस्थ ठेवून एक रीडिंग, पुन्हा ढवळून १० मिनिटं ठेवून दुसरं. दोन आकडे, शेजारी शेजारी. म्हणजे आम्ही ज्याला चूक समजून पुसलं, ते मोजण्यासाठी साइटवर माणूस घड्याळ घेऊन उभा असतो. पाइलिंगवाले मार्श कोनमधून स्लरी गळायला किती सेकंद लागतात ते बघतात (स्वच्छ पाण्याला सुमारे २६ सेकंद लागतात), पण कोन भरल्यावर बोट काढायला उशीर केलात तर तिथेही तोच घोटाळा.

परतीच्या एसटीत कोणी फारसं बोललं नाही. सातारा गेल्यावर टॉपर म्हणाली, “सरांना सांगायचं?” मी म्हणालो, “मी सांगतो.”

दुसऱ्या दिवशी सांगितलं. सर बराच वेळ गप्प होते. मग एवढंच विचारलं, “हे पोस्टर माझं नाव घालून लावलं होतंत ना?” याला उत्तर नव्हतं. त्या आठवड्यात केबिनमध्ये जाताना दारावर टकटक करायलाही धीर लागायचा. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. मशीन आठ दिवस संध्याकाळी मिळवून दिलं आणि अट घातली की रिपोर्टमध्ये जुना आलेखही राहील, बदललेल्या चार बिंदूंवर गोल करून आणि खाली कोणी, का बदलले ते लिहून. चौथा मित्र (तापवाला) म्हणाला, “मार्क जातील.” कदाचित जातीलही. ओरल पुढच्या महिन्यात आहे.

आता आमची पद्धत अशी: स्लरी पाच मिनिटं जोरात ढवळायची, मोबाईलवर स्टॉपवॉच लावायचं, मग १ मिनिट, १० मिनिटं आणि ३० मिनिटं वयाला रीडिंग. चहाला कोणी एकानेच जायचं. एका आलेखाच्या जागी तीन आलेख आले. प्रत्येक बऱ्यापैकी गुळगुळीत, आणि तिघांमधलं अंतर प्रमाणाबरोबर वाढत जाणारं. स्पिंडलचा वेग आधी चढवत आणि मग उतरवत नेला तर जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी दिसते, तोही आलेख घेतला आहे. जुन्या तीन ‘चुका’ ३० मिनिटांच्या रेषेच्या आसपास जाऊन बसल्या, लाईट गेलेली थोडी वर. कोणी ढकललं नाही, आपण होऊन बसल्या. ते बघायला रूम पार्टनरलाही बोलावलं होतं.

राहिलं नववं रीडिंग. ते खाली गेलेलं. त्याच्या आधी विश्रांती नाही, समासात काही विशेष नाही, फक्त तारीख आणि ‘शनिवार’. त्या दिवसाचं ते एकच रीडिंग. परवा मेसमध्ये जेवताना आठवलं की त्या आठवड्यात कॉलेजचा पंप बिघडला होता आणि शुक्रवार-शनिवार टँकर आला होता. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम जास्त असलं तर बेंटोनाइट नीट फुगत नाही, स्लरी पातळ राहते. हे पुस्तकात आहे. टँकर कुठून भरला होता ते हॉस्टेलच्या रखवालदार काकांना विचारलं. विहीर त्यांना माहीत आहे, गावाबाहेर अडीच किलोमीटरवर. रविवारी पाच लिटरचा कॅन घेऊन जाणार आहे. कोणाकडे सायकल असेल तर कळवा.